वॉशिंगमध्ये पेशी सापडल्या, म्हणजे नेमकं काय कळलं?

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. वडील ६१ वर्षांचे, द्राक्षबागायतदार, जठराचा कॅन्सर. सीटी स्कॅनमध्ये जठराची भिंत जाड दिसते, बाकी पोटात काही नाही. मोठ्या ऑपरेशनआधी सर्जननी दुर्बीण घालून पोट आतून पाहिलं. नजरेला काहीच दिसलं नाही, पण पोट धुऊन काढलेल्या पाण्याचा, म्हणजे वॉशिंगचा, रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह फॉर मॅलिग्नंट सेल्स’ असा आला. ऑपरेशन थांबवलं, आधी केमो घ्यायला सांगितलं. ताई विचारतात: स्कॅन स्वच्छ, कॅमेऱ्यात स्वच्छ, मग ही चौथी स्टेज कशी? रिपोर्ट चुकला असेल का? पसरायच्या आत काढून का टाकत नाहीत? आणि शेवटी एका ओळीत, ‘खरं सांगा, बाबांकडे किती महिने आहेत?’

मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली बहुतेक सायटॉलॉजीत, म्हणजे सुट्या पेशी तपासण्यात गेली. म्हणजे मी पेशंटला क्वचितच भेटतो. त्याच्या पेशींशी माझी गाठ पडते. तुमच्या वडिलांच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर शेरा मारणार नाही. पण असा रिपोर्ट लिहिताना माझ्या डोक्यात काय चाललेलं असतं आणि तो वाचून सर्जन निर्णय का बदलतात, ते सांगता येईल. तुमचे चारही प्रश्न मला एकाच शंकेतून आलेले दिसतात: जे कोणालाच डोळ्यांनी दिसलं नाही, त्याच्या जोरावर एवढा मोठा निर्णय कसा घेतला?

आधी स्कॅनचं. सीटीत पाच मिलिमीटरपेक्षा लहान गाठी सहसा निसटतात. कॅन्सरची एक पेशी साधारण पंधरा-वीस मायक्रॉनची असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा पन्नासेक पेशी ओळीनं बसतील. स्कॅन स्वच्छ आहे याचा अर्थ ढीग नाहीत एवढाच, दाणे नाहीत असा नव्हे. तुम्ही बागायतदार आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. डाउनी या बुरशीचा तेलकट डाग पानावर दिसतो तेव्हा लागण होऊन काही दिवस उलटलेले असतात. फक्त बागेत ते पान खुडता येतं, पोटात ती सोय नाही.

जठराच्या आतल्या थरात सुरू झालेला कॅन्सर भिंत पोखरत बाहेरच्या पातळ आवरणापर्यंत आला की त्याच्या पेशी पोटाच्या पोकळीत गळू लागतात. पोकळी म्हणताना रिकामी खोली डोळ्यांसमोर आणू नका. आतडी, यकृत, आतलं अस्तर हे सगळं एकमेकांवर टेकलेलं असतं आणि मधे थोडंसं पाणी असतं. ते पाणी श्वासाबरोबर हलतं, वर छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली ओढलं जातं आणि गुरुत्वानं ओटीपोटाच्या तळाशी साचतं. म्हणूनच धुतलेलं पाणी प्रामुख्यानं तळातून आणि डाव्या पडद्याखालून घेतात. गळलेल्या सगळ्याच पेशी रुजत नाहीत, बऱ्याच मरतात. ज्या चिकटतात त्या ओमेंटमवर, म्हणजे आतड्यांपुढे पदरासारखी लोंबणारी चरबी असते तिच्यावर, जास्त चिकटतात. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननं १८८९ सालीच लिहून ठेवलंय की कॅन्सर कुठं वाढेल ते बियाणावर जितकं अवलंबून आहे तितकंच जमिनीवर.

आता रिपोर्ट चुकू शकतो का? चुकू शकतो. कसा, ते नीट सांगतो, कारण दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या नसतात.

दुर्बिणीच्या वेळी सर्जन पोटात सलाइन सोडतात, प्रमाण शंभर-दोनशे मिलिलिटरच्या आसपास, ते हलवून परत ओढतात आणि बाटली आमच्याकडे येते. आम्ही ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो. नळीच्या तळाला चिमूटभर गाळ बसतो, बऱ्याचदा इतका कमी की नवीन टेक्निशियन तो पाण्याबरोबर ओतून टाकेल अशी भीती वाटते. त्या गाळाच्या थेंबातून दोन-चार स्लाइड होतात. उरलेल्या गाळाचा सेल ब्लॉक करतात, म्हणजे पेशी घट्ट करून मेणात बसवायच्या आणि बायोप्सीसारखे काप घ्यायचे. आख्ख्या पोटाची परीक्षा शेवटी त्या चिमटीवर होते.

स्लाइडवर सगळ्यात जास्त दिसतात त्या अस्तराच्या स्वतःच्या पेशी, मेसोथेलियल. त्या घोळक्यात असल्या तरी दोघींच्या मधे बारीक फट राहते, शेजारणी ओट्यावर बसाव्यात पण पदराला पदर लागू नये, तशी. कॅन्सरच्या पेशींचा गोळा वेगळा. आतल्या सीमा पुसलेल्या आणि बाहेरची कडा एकसंध, गुळगुळीत. जठराच्या कॅन्सरचा एक प्रकार तर आणखी फसवा. त्यात पेशी सुट्या, एकेकट्या फिरतात. पेशीच्या पोटात चिकट द्रव्याचा फुगा आणि केंद्रक एका कडेला दाबलेलं, खड्याच्या अंगठीसारखं. म्हणून नाव सिग्नेट रिंग. साफसफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशीही फुगलेल्याच असतात आणि त्याच गर्दीत असतात. दुपारी चारच्या सुमारास चाळिसावी स्लाइड बघताना या दोघींत घोळ होऊ शकतो, हे मी प्रांजळपणे सांगतो.

माझा झालाय. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंडाशयाच्या गाठीच्या एका बाईंचं वॉशिंग आलं होतं. पेशींचे मोठाले घोळके, केंद्रकं ठळक, मी ‘संशयास्पद’ लिहून मोकळा होणार होतो. तेव्हा माझ्या वरिष्ठांनी विचारलं, ‘आधी पोटाचं ऑपरेशन झालंय का? पोटात सूज होती का?’ फॉर्मवर तो रकानाच कोरा होता. फोन केला तर दोन आठवड्यांपूर्वी तातडीनं पोट उघडलेलं. चिडलेलं अस्तर अशाच विद्रूप पेशी टाकतं. सेल ब्लॉकवर मार्कर, म्हणजे ठरावीक पेशीच रंगवणाऱ्या चाचण्या केल्या. अस्तराच्या पेशींना रंगवणारा कॅलरेटिनिन लख्ख उमटला, कॅन्सरच्या ग्रंथीपेशींना रंगवणारा बेर-ईपी-४ कोराच राहिला. पेशी साध्या निघाल्या. त्या दिवसापासून फॉर्म अर्धवट असेल तर मी फोन उचलतो, भले सर्जन वैतागले तरी.

म्हणून ताई, ‘चुकला असेल का’ याऐवजी तीन गोष्टी विचारा. एक, रिपोर्टमध्ये नेमका शब्द कोणता आहे? २०२० पासून पोटा-छातीच्या पाण्यासाठी पाच गटांची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे: नमुना अपुरा, कॅन्सर नाही, पेशी थोड्या वेगळ्या पण अर्थ अनिश्चित, संशयास्पद, आणि कॅन्सर. ‘संशयास्पद’ आणि ‘कॅन्सर’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि घरी पोचेपर्यंत तो बहुतेक वेळा पुसला जातो. दोन, सेल ब्लॉक आणि मार्कर केले होते का? तीन, वॉशिंगमधल्या पेशी मूळ बायोप्सीतल्या पेशींसारख्याच दिसतात का? हे तिन्ही जुळत असतील तर ‘पॉझिटिव्ह’ सहसा खराच असतो. मनाचं समाधान करायचं असेल तर स्लाइड आणि ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. त्यात कोणाचा अपमान नाही, आम्ही आपसातही दाखवतो.

उलट बाजूची चूक जास्त होते आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. ‘निगेटिव्ह’ म्हणजे त्या चिमटीत पेशी नव्हत्या, पोटात नव्हत्या असं नाही. वॉशिंग निगेटिव्ह, ऑपरेशन उत्तम, आणि वर्ष-दीड वर्षानं अस्तरावरच कॅन्सर परतला, असे पेशंट प्रत्येक सर्जननं पाहिलेत. नमुना शिळा झाला तर हे आणखी सोपं. एकदा शनिवारी संध्याकाळी काढलेलं वॉशिंग माझ्याकडे सोमवारी दुपारी आलं, दोन दिवस टेबलावर पडलेलं, उन्हाळ्यात. पेशींची पेज झाली होती. मी ‘नमुना अपुरा’ लिहिलं. नातेवाइकांनी ते ‘काही सापडलं नाही’ असं वाचलं आणि पेढे वाटायचेच बाकी होते. पेशींचा जनुकीय संदेश शोधणारी, सीईए नावाच्या खुणेवरची पीसीआर चाचणीही आहे. ती मायक्रोस्कोपपेक्षा बारीक पकडते, पण कधीकधी साध्या पेशींनाही चोर ठरवते. आपल्याकडे रोजच्या कामात ती वापरली जात नाही, आणि त्यावाचून तुमच्या वडिलांचं काही अडलेलं नाही.

चौथी स्टेज कशी, याचं उत्तर थोडं कोरडं आहे. टीएनएम ही स्टेज ठरवण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत; २०१० साली लागू झालेल्या तिच्या सातव्या आवृत्तीपासून जठराच्या कॅन्सरमध्ये पोटाच्या पाण्यातल्या पेशी म्हणजे दूरवर पसरलेला आजार असं धरतात, नजरेला गाठ दिसो वा न दिसो. कारण अशा पेशंटचं पुढचं वळण दिसणाऱ्या गाठी असलेल्यांच्या जवळ जातं, हे जपानमध्ये वर्षानुवर्षं दिसलं होतं. तिथल्या पद्धतीत तर याला स्वतंत्र खूण आहे, पेशी नसतील तर सीवाय-०, असतील तर सीवाय-१. पण हाच निकाल दुसऱ्या अवयवाला लावू नका. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये आजार अंडाशयापुरताच असेल आणि पाण्यात पेशी मिळाल्या, तर स्टेज पहिलीच राहते, फक्त एक-सी होते. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये तर २००९ पासून वॉशिंगचा निकाल स्टेज ठरवण्यातून काढूनच टाकला, वेगळी नोंद तेवढी ठेवतात. पेशी सारख्याच दिसतात, पण मूळ गाव कोणतं यावर त्यांचं वजन ठरतं. एखाद्या नातेवाईक बाईंचं उदाहरण देऊन कोणी धीर देत असेल किंवा घाबरवत असेल, तर आधी विचारा की कॅन्सर कशाचा होता.

मग पटकन काढून का टाकत नाहीत? मलाही तरुणपणी हाच प्रश्न पडायचा. जठर काढणं हे मोठं ऑपरेशन आहे. माणूस सावरायला कित्येक आठवडे जातात आणि तेवढे दिवस केमो देता येत नाही. पाण्यातल्या पेशी मात्र थांबत नाहीत, आणि ताज्या जखमा त्यांना बसायला जागा देतात. २०१६ मध्ये जपान, दक्षिण कोरिया आणि सिंगापूरचा रेगाटा नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार मर्यादित जागी पसरलेल्या १७५ पेशंटपैकी निम्म्यांना फक्त केमो, निम्म्यांना आधी जठर काढून मग केमो. निम्मे पेशंट हयात असण्याचा काळ फक्त केमोत १६.६ महिने भरला, ऑपरेशन केलेल्यांत १४.३. काढून फायदा झाला नाही. तुमच्या वडिलांना दिसणाऱ्या गाठी नाहीत, म्हणून हा आकडा त्यांचा नव्हे. पण सर्जन हात का आखडतात, ते यातून कळेल.

पोट धुण्याची गोष्टही सांगायला हवी, कारण हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गरम केमोनं पोट धुतात, सगळं जातं’ असं फिरतं. २००९ साली एका जपानी गटानं पाण्यात पेशी पण गाठी नाहीत अशा, म्हणजे बरोबर तुमच्या वडिलांसारख्या, ८८ पेशंटवरचा अभ्यास छापला. ऑपरेशनच्या शेवटी एकेक लिटर करत दहा लिटर सलाइननं पोट धुऊन मग पोटात औषध सोडलेल्यांपैकी ४३.८ टक्के पाच वर्षांनी हयात होते. नुसतं ऑपरेशन झालेल्यांपैकी एकही नाही. वाचून मी हरखलो होतो, खरं सांगतो. पुढे एक्स्पेल नावाचा ८०० पेशंटचा अभ्यास २०२१ मध्ये आला, आशियातल्या अनेक केंद्रांचा. त्यात खोल वाढलेला कॅन्सर पण पाण्यात पेशी असोत-नसोत, असे सगळे होते. तीन वर्षांनी, पोट असं धुतलेल्यांत आणि न धुतलेल्यांत, दोन्हीकडे सुमारे ७७ टक्के हयात. दहा लिटरनं काही बदललं नाही. दोन अभ्यासांतले पेशंट अगदी सारखे नव्हते हे खरं, पण ८८ जणांच्या आकड्यावर स्वप्नं बांधू नयेत हे मी त्यातून शिकलो. गरम केमोचं, म्हणजे हायपेकचंही तसंच. अंडाशयाच्या एका ठरावीक टप्प्यात २०१८ च्या अभ्यासात फायदा दिसला, ३३.९ चे ४५.७ महिने. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध वापरून केलेल्या फ्रेंच अभ्यासात दिसला नाही. जठरासाठी ते कोणी सुचवलं तर ‘माझ्या वडिलांसारख्या किती पेशंटमध्ये, आणि कशाच्या तुलनेत?’ एवढं विचाराच.

इथवरचं थोडक्यात: रिपोर्ट बहुधा बरोबर आहे, पण खात्री करून घेता येते. आजार दिसत नसला तरी जठरापुरता उरलेला नाही. आणि केमो आधी देणं हा ऑपरेशन नाकारण्याचा प्रकार नसून त्याची वेळ ठरवण्याचा आहे.

आता महिने. टाळत नाही. जठराचा कॅन्सर पोटाच्या अस्तरावर दिसण्याइतका पसरलेल्या पेशंटवर जपानमध्ये फिनिक्स-जीसी नावाचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापला. पोटात थेट औषध सोडलेल्या गटाचा मध्यक १७.७ महिने, नेहमीच्या केमोचा १५.२, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. मध्यक म्हणजे मुदत नव्हे. शंभर जणांना रांगेत उभं केलं तर मधल्याच्या हातातला तो आकडा. त्याच्या पुढे पन्नास जण असतात, आणि त्यांच्यातले शेवटचे बरेच लांब गेलेले असतात. तुमच्या वडिलांचा आजार या पेशंटपेक्षा एक पायरी अलीकडचा आहे. म्हणून हा आकडा त्यांच्यावर जसाच्या तसा डकवला तर तो अन्याय होईल, आणि तो पूर्ण झटकून टाकला तर फसवणूक.

त्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त सांगून जाईल ती गोष्ट अजून घडायची आहे. केमोचे काही डोस झाले की पुन्हा दुर्बीण घालून पुन्हा वॉशिंग घेतील. पेशी गेल्या आणि नवीन गाठ नाही, तर ऑपरेशनचा दरवाजा उघडतो आणि अशांचं आयुष्य, पेशी तशाच राहिलेल्यांपेक्षा, स्पष्टपणे लांबलेलं दिसतं. राहिल्या, तर औषधाची दिशा बदलावी लागते. हा दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. त्यामुळे सर्जनना आत्ताच सांगून ठेवा की दुसरा नमुना त्याच दिवशी लॅबमध्ये पोचला पाहिजे आणि फॉर्मवर ‘केमोनंतर’ हे ठळक लिहिलेलं पाहिजे. केमोनंतर पेशी ओळखणं आम्हालाही अवघड जातं.

तोवर जुन्या बायोप्सीच्या ब्लॉकवर दोन-तीन तपासण्या झाल्यात का पाहा: हर-२, एमएसआय, पीडी-एल-१. कोणतं औषध लागू पडेल ते सांगणाऱ्या या खुणा. हर-२ असलेल्यांत केमोला ट्रास्टुझुमॅब या हर-२ वरच्या औषधाची भर घातल्यावर मध्यक ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेला होता, ही २०१० ची गोष्ट. एमएसआय जास्त असेल तर इम्युनोथेरपीचा विचार पुढे येतो. सगळ्यांमध्ये हे सापडत नाही, पण न तपासता सापडणारच नाही. आणि वजन. वजन घसरत राहिलं तर चांगलं औषधही अर्धवट सोडावं लागतं. आहारतज्ज्ञ पहिल्या डोसच्या आधी भेटू द्या, दहा किलो गेल्यावर नको. खर्चाची चिंता असेल तर हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि ठरलेली केमो तिच्यात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

पत्रात शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘बाबा विचारतात, यंदाची ऑक्टोबर छाटणी मी करायची की नाही.’ डॉक्टरांना हा प्रश्न तुम्ही विचारला नसेल, पण विचारा, त्याचं खरं उत्तर मिळतं. केमोच्या तारखा आणि छाटणीच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. डोसनंतर पांढऱ्या पेशी उतरतात त्या दिवसांत गर्दी, धूळ आणि फवारणी टाळायची. छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी लावतात त्या डॉर्मेक्स या रसायनाच्या पेस्टला तर त्यांनी हातच लावू नये. ताप १०० च्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं. बाकीच्या दिवशी खुर्ची टाकून काडी कुठं कापायची ते सांगायला कोणाची हरकत असायचं कारण नाही. आणि केमोत ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर एक लक्षात ठेवा: त्यानं थंडीत बोटांना झिणझिण्या येतात, थंड पाणी घशात टोचतं, लोखंडाची कात्री हातात धरवत नाही. निफाडचा पारा डिसेंबरात कुठं जातो ते मी तुम्हाला सांगायला नको. द्राक्षं वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवायची वेळ आली, तर या वर्षी ते काम धाकट्याकडे द्या, आणि बाबांसाठी लोकरी हातमोजे आत्ताच घेऊन ठेवा.